मानेतल्या नळीसाठी सही करण्यापूर्वी

आयसीयूच्या दारात नर्स फॉर्म पुढे करते: "सेंट्रल लाइन टाकायची आहे, सही करा." बहुतेक नातेवाईक विचारतात, "हाताला सलाईन आहे ना, मग मानेत कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सहीच्या आधीच मिळायला हवं.

पावसाळ्यात येणारे लेप्टोचे गंभीर पेशंट घ्या. जंतुसंसर्ग फार वाढला की रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी घसरतं आणि सलाईन देऊनही वर येत नाही. मग नॉरअ‍ॅड्रेनॅलिन लागतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. हाताच्या शिरेतून थोडा वेळ ते देता येतं, घाईत आम्ही देतोही. पण तिथे ते शिरेबाहेर झिरपलं तर कातडी काळी पडून मरू शकते. म्हणून १५-२० सेंटिमीटरची मऊ नळी मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेतात. तिथल्या भरपूर रक्तात औषध लगेच मिसळतं.

हृदयाजवळ म्हटल्यावर धस्स होतंच. फोर्समन नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने १९२९ साली स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि तशीच एक्स-रे काढायला गेला! १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आज आम्ही सोनोग्राफीत शीर बघत सुई घालतो.

तरी धोका शून्य नाही. लेप्टो, डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या असतात. त्यामुळे रक्त आलंच तर हाताने दाबून थांबवता येईल अशी मानेची किंवा जांघेची शीर आम्ही निवडतो, गळ्याच्या हाडाखालची शक्यतो टाळतो. दुसरा धोका जंतूंचा. ज्या नळीने जंतुसंसर्गावरची औषधं जातात, तिच्याच वाटेने कातडीवरचे जंतू रक्तात शिरू शकतात. म्हणूनच गाऊन, मास्क आणि पेशंटला पायापर्यंत झाकणारी चादर.

तेव्हा रोज राउंडला विचारा, "डॉक्टर, आज ही नळी लागतेच का?" कुणी वैतागलं तरी विचारा. बीपीचं औषध बंद झालं, हाताच्या शिरा मिळू लागल्या की नळी बहुधा काढता येते. आणि नळी टाकली म्हणजे माणूस गेला, असं शेजारचे सांगतील, त्यांचं ऐकू नका.

काढताना पेशंटला आडवं झोपवतात आणि जागा काही मिनिटं दाबून धरतात. नळी असताना किंवा काढल्यावर थंडी वाजून ताप आला, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता लगेच नर्सला सांगा.