बारनिशीचा क्रमांक

माझे वडील बडोद्यातील एका सरकारी कचेरीत बारनिशीवर होते. बारनिशी हा शब्द नव्या पिढीला आता समजावून सांगावा लागतो. कचेरीत येणारा प्रत्येक कागद ज्या वहीत प्रथम चढतो, ती आवक-जावकीची वही म्हणजे बारनिशी. अर्जदारासमोर वडील वहीत ओळ लिहीत, त्या ओळीला पुढचा क्रमांक पडे, आणि तोच क्रमांक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तांबड्या शाईने घालून ती प्रत ते त्याच्या हाती देत. क्रमांक विचारायला कोणी पुन्हा खिडकीशी येऊ नये, असा त्यांचा दंडक होता. तासाभराने येऊन ‘शेवटचा नंबर कोणता पडला?’ असे विचारणाऱ्याला ते सांगत, ‘शेवटचा सांगतो, पण तो तुमचा नव्हे.’ मधल्या वेळात आणखी चार कागद चढलेले असत.

माझी सारी नोकरी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेली; तरी ऐन वेळी वडिलांचे हे वाक्य मला आठवले नाही. त्याची झळ लागली ती मात्र आत्याला.

२००४ साली आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने सिद्ध करण्याचे काम मी अंगावर घेतले. गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने आमची मंडळी बडोद्यास आली. एक शाखा ग्वाल्हेरीस, एक बेळगावाकडे. जुन्या कुलवृत्तांतांत मुलींची बोळवण बहुधा एका ओळीत होई: अमक्यांस दिली. आम्ही ठरवले, की लेकींचे घरही पुरते लिहायचे. प्रत्येक कुटुंबाकडून कागदी तक्ते भरून मागवले आणि संगणकावर चढवू लागलो.

येथे पहिला प्रश्न ओळखीचा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रिवाजामुळे गोविंद रामचंद्र आणि रामचंद्र गोविंद एकाआड एक येत राहतात. पाच पिढ्यांत तेच नाव, तेच वडिलांचे नाव तीनदा भेटते. नाशिकचे तीर्थोपाध्याय नामावळीत गाव, शाखा आणि हस्ताक्षर पाहून माणूस ओळखतात. संगणकाला तेवढी जाण नाही. म्हणून प्रत्येक माणसाची ओळ भरली, की डेटाबेस स्वतःच तिला पुढचा क्रमांक देतो, आणि मुलाच्या ओळीत बापाचा क्रमांक लिहिला, की नाते जुळते. अडचण एवढीच, की बापाचा क्रमांक आपण दिलेला नसतो. तो आत, यंत्राच्या पोटात पडलेला असतो. मुलाची ओळ लिहिण्याआधी तो बाहेर काढून घ्यावा लागतो.

मी तो कसा काढला? तक्त्यातला सर्वांत मोठा क्रमांक विचारला. आताच भरलेली ओळ शेवटची, म्हणजे मोठा क्रमांक तिचाच. दीड वर्ष मी एकटाच काम करीत होतो आणि एकदाही चूक झाली नाही. पुढे ग्वाल्हेरचा पुतण्या मदतीला आला. इंटरनेटवरून तोही त्याच डेटाबेसात नोंदी करू लागला.

२००६ च्या दिवाळीत कच्ची छापील प्रत नातेवाइकांकडे पाठवली. चार दिवसांनी आत्याचा फोन आला. तिला एकच मुलगा झाला होता, तो सातव्या वर्षी गेला. त्याचा फोटोसुद्धा नव्हता.

‘अरे,’ ती म्हणाली, ‘माझ्या मुलाला दुसऱ्याच्या घरी का रे घातलंस?’

प्रत उघडून पाहिली. आत्याच्या यजमानांच्या नावाखाली प्रोग्रॅमने आपल्या पद्धतीने छापले होते: ‘अपत्य नाही.’ आणि मुलगा बेळगावच्या शाखेतील, आत्याने जन्मात न पाहिलेल्या एका गृहस्थांच्या नावाखाली होता. घडले ते असे. यजमानांची ओळ मी भरली, तिला ८१२ क्रमांक पडला. मी क्रमांक विचारण्यापूर्वी त्याच क्षणी पुतण्याने आपली ओळ भरली, ती ८१३. मला उत्तर मिळाले ८१३. वडिलांच्या भाषेत, शेवटचा क्रमांक मिळाला, पण तो माझा नव्हता.

डेटाबेसने तक्रार केली नाही. मुलाच्या ओळीतला बापाचा क्रमांक अस्तित्वात आहे की नाही, एवढेच तो तपासतो. तो बाप खरा की परका, हे त्याला विचारायचे नसते. त्यामुळे अशा आणखी किती नोंदी बिघडल्या, हेही यंत्र सांगेना. पुतण्या आणि मी सारे कागदी तक्ते काढून एकेक नोंद पडताळली. सात सापडल्या.

खरा उपाय त्या वेळीही हाताशी होता, हे अधिक लागते. मायएसक्यूएलमध्ये ‘लास्ट इन्सर्ट आयडी’ हे फलन आहे. ते साऱ्या तक्त्याचा नव्हे, तर आपल्याच जोडणीवरून नुकताच पडलेला क्रमांक सांगते; पलीकडे दहा जण लिहीत असले तरी बिघडत नाही. मात्र एकाच आज्ञेत पाच भावंडांच्या ओळी घातल्या, तर ते पहिल्या भावंडाचाच क्रमांक देते, तेही ध्यानात ठेवावे लागते. पोस्टग्रेस डेटाबेसात तर ‘रिटर्निंग’ असा शब्द जोडला, की ओळ लिहिता लिहिताच तिचा क्रमांक हाती येतो. थेट बारनिशीची रीत! ही सोय तेथे आली तीही २००६ च्या डिसेंबरातच.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. इनोडीबी प्रकारच्या तक्त्यात, २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी, पुढचा क्रमांक केवळ स्मरणात असे. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, की तो उरलेल्या ओळींतील मोठा आकडा पाहून पुढे मोजू लागे. म्हणजे शेवटची ओळ खोडली असेल, तर तिचा क्रमांक दुसऱ्याच कोणा माणसाला मिळे. आजोबांचे नाव नातवाला मिळते तसेच, पण नाते नसताना. त्या धास्तीने मी आमच्या तक्त्यातली कोणतीही ओळ खोडणे बंद केले; चुकीची ओळ असली तरी तिच्यावर ‘रद्द’ अशी खूण करून ती ठेवून देतो.

प्रोग्रॅम दुरुस्त केला. नोंद होताच क्रमांक पडद्यावर दिसावा अशी सोय केली, आणि तो कागदी तक्त्याच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने लिहायचा, असा नियम आम्ही दोघांनी पाळला. आत्याला तिचा तक्ता आणि दुरुस्त पान स्वतः नेऊन दाखवले. तिला डेटाबेस समजला नाही, समजावा असा माझा आग्रहही नव्हता. तिने चष्मा लावला, आकड्यांवर बोट ठेवले. यजमानांचा ८१२, मुलाचा ८१४.

‘मधला कुणाचा?’ तिने विचारले.

‘बेळगावच्यांचा.’

‘त्यांनाही एक पान पाठव,’ आत्या म्हणाली. ‘त्यांच्या घरात एक मूल जास्तीचं छापलं होतंस.’