४ टक्क्यांचं कर्ज

१९८६ साली माझी बदली सिल्वासाला झाली. करसवलतीमुळे नवे कारखाने येत होते. मालक शाखेत आले की खुर्ची, चहा ठरलेला.

एकदा खानवेलकडची एक वारली बाई आली. शेळ्यांसाठी कर्ज हवं होतं. गरिबांसाठी १९७२ पासून ४ टक्के व्याजाची डीआरआय योजना होती. तारण नको, जामीन नको. मला नियम पाठ होता. तरी सवयीने बोलून गेलो, "जामीनदार आण."

"साहेब, माझ्या ओळखीचे सगळे माझ्यासारखेच," म्हणाली आणि उभ्याउभ्याच परत गेली. तिला बसही म्हटलं नव्हतं. चूक लक्षात आल्यावर निरोप धाडला, पण ती आली नाही.

निवृत्तीनंतर जॉन रॉल्सच्या १९७१ च्या ग्रंथाविषयी वाचलं. आपण कोणाच्या पोटी जन्मणार हे ठाऊक नाही असं धरून नियम ठरवा, आणि विषमता ठेवायचीच तर तळातल्या माणसाचं त्यात भलं हवं, असं तो म्हणतो. आमची योजना काहीशी तशीच होती. अडला तो माझ्या टेबलावर.

तुमच्यापैकी कोणी काउंटरमागे बसलं असेल, तर खरं सांगा, असं तुमच्याकडूनही झालंय का?