थांबायची जागा

आपा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. दुल्हाभाई पुणे-बेंगळूर महामार्गावरच्या अपघातात गेले, तेव्हा तिचा मुलगा सातवीत होता. दहावीनंतर तो शिकला नाही, उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये लागला. हात चांगला होता. पण रात्री अकरानंतर दोस्तांबरोबर रंकाळ्याकडच्या रस्त्यावर मोटारसायकलींच्या पैजा लावायचा. तो येईपर्यंत आपा दाराशी बसून राहायची. एकदा मला म्हणाली, "वर्गभर पोरांना शिकवतोस, घरातल्या एकाला समजावता येईना?"

मी समजावत होतोच. ईदला, लग्नात, जेवताना, एकच वाक्य : हळू चालव. तो मान खाली घालून ऐकायचा आणि रात्री किक मारायचा.

कोरोनाच्या आधीच्या एका हिवाळ्यात त्याने सांगितलं, लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर 'व्हॅली रन' नावाची शर्यत असते. हौशी माणसंही आपापल्या गाड्या घेऊन उतरतात. "मामू, तुमे एक बार चलो. देखो, फिर बोलो." आपा म्हणाली, "तू बरोबर जा. काही झालं तर निदान..." वाक्य तिने पुरं केलं नाही. मी शुक्रवारी रात्री टेम्पोत त्याच्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलीशेजारी बसलो.

ही ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली, पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची शर्यत. जागेवरून सुटायचं आणि शेवट गाठायचा. नववीच्या वर्गात मी 'इसराअ', म्हणजे त्वरण, बरीच वर्षं खडूने शिकवलं होतं. डोळ्यांनी ते प्रथम तिथे पाहिलं.

पहिली गोष्ट दिसली ती शिस्त. हेल्मेट, ब्रेक, टायर सगळं तपासून घ्यायचं, मग उन्हात रांगेत उभं राहायचं. अठरा-एकोणीस सेकंदांच्या धावेसाठी तासन् तास. पंचेचाळीस मिनिटांचा तास ज्याला कधी सोसला नव्हता, तो हा मुलगा चकार शब्द न काढता उभा होता. माझ्या वर्गात तो का बसू शकत नव्हता, हा प्रश्न तोवर मी त्यालाच विचारत आलो होतो. त्या रांगेत तो पहिल्यांदा स्वतःला विचारला.

पिवळे दिवे लागले, आणि हिरव्याच्या आधी क्षणभर त्याचं चाक सुटलं. लाल दिवा लागला. फेरी बाद. मला वाटलं, आता हुज्जत घालणार. हेल्मेट काढून म्हणाला, "मेरीच गलती मामू. जल्दी कर्या मैं." आमच्या घरात हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. खरं तर माझ्या तोंडूनही कुणी ऐकलं नसेल.

रविवारच्या फेरीत तो नीट सुटला. हरला, पण नीट धावला. मी शेवटच्या रेषेच्या अंगाला होतो. रेषा ओलांडल्यावर गाड्या लगेच थांबत नाहीत. पुढे लांबवर मोकळी पट्टी असते, तिथे वेग उतरवायचा आणि मग वळून यायचं. धावायला ४०२ मीटर लागतात, तसं थांबायलाही अंतर लागतं, आणि ते आधीच राखून ठेवलेलं असतं. परतीच्या वाटेवर मी त्याला हळू चालव म्हटलं नाही. म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

त्या रविवारनंतर त्याने पैजा सोडल्या असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. महिन्याभराने एका पहाटे, फजरनंतर, मीच त्याला त्या रस्त्यावर घेऊन गेलो. म्हटलं, तुमची शेवटची खूण दाखव. तिथून चौकापर्यंत आम्ही पावलं मोजली. सत्तर भरली, म्हणजे पन्नास मीटरच्या आसपास. मग रस्त्याकडेला बसून हिशेब केला. ताशी शंभरच्या वेगात एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जातात. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपतं. ब्रेक लागल्यावर अजून पन्नास-साठ मीटर सहज. वेग दुप्पट झाला की हे ब्रेकचं अंतर साधारण चौपट होतं. आकडेमोड त्यानेच केली, सिगारेटच्या पाकिटावर. पाकीट त्याच्याच खिशातलं होतं. तेव्हा मी त्यावर काही बोललो नाही. बराच वेळ तो चौकाकडे बघत राहिला. दूधवाला सायकलवरून गेला. मग म्हणाला, "अब्बा के सामने बी जागा नय थी ना, मामू?"

याचं उत्तर माझ्या बी.एड.मध्ये नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर तो रात्री लवकर येऊ लागला. वेगाची हौस गेली नाही, जाऊही नये. आपल्या कोल्हापुरात हुपरी रस्त्याला मोहित्यांचा ट्रॅक उभा राहिला, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही तिथे झाल्या. पण गॅरेजमधल्या पोराच्या पगारात असली हौस वर्षातून एकदा बसली तरी पुष्कळ. आपण पोरांना धावू नको म्हणतो. कुठे धाव, हे सांगत नाही.

आता नववीला इसराअ शिकवताना मी फळ्यावर शर्यतीची रेषा काढतो. शेवटची खूण केल्यावर खडू उचलत नाही. पुढे तेवढीच रेषा ओढतो आणि विचारतो, ही कशासाठी? दर वर्षी मागच्या बाकावरचं कुणीतरी आधी सांगतं.