‘प्ररोग’ कोण करतं?

२०१९च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या बातम्यांमध्ये एक क्रियापद रोज दिसू लागलं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद ‘प्ररोग’ केली होती. मी मराठी शाळेत शिकले, नोकरीत लागली ती हिशेबापुरती इंग्रजी. हा शब्द तोवर कधी समोर आला नव्हता. उच्चारापासूनच सुरुवात करावी लागली. शेवटची ‘यू’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरं ‘लीग’ किंवा ‘व्हेग’मध्ये असतात तशीच, लिहायची पण म्हणायची नाहीत. जोर दुसऱ्या भागावर द्यायचा. आपल्या रोगाशी त्याचा संबंध नाही, एवढं पहिल्या संध्याकाळी कळलं.

अर्थ शब्दकोशात होता: संसद विसर्जित न करता तिचं सत्र संपवणं. पण मराठीत याला काय म्हणायचं? आपल्या विधिमंडळाच्या बातम्यांमध्ये ‘अधिवेशन संस्थगित’ असं वाचलं होतं, आणि ते मला ‘स्थगित’सारखंच वाटायचं. मग राज्यघटनेची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी शेजारी ठेवली. कलम ८५मध्ये इंग्रजीत ‘प्ररोग’ आहे, तिथे मराठीत ‘सत्रसमाप्ती’ आहे. म्हणजे थोडा वेळ थांबवणं (‘स्थगित’) वेगळं आणि सत्र संपवणं (‘संस्थगित’) वेगळं. ‘सं’ या एका अक्षराने केवढा फरक पडतो, हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

तरी वाक्य करता येईना. शेवटी एका कागदावर तीन क्रियापदं एकाखाली एक लिहिली: ‘अ‍ॅडजर्न’, ‘प्ररोग’, ‘डिझॉल्व्ह’. पुढे अर्थ लिहिण्याऐवजी प्रत्येकाचा कर्ता शोधला. बैठक तहकूब करतात ते अध्यक्ष किंवा सभापती. बेमुदत तहकूब असली तरी ते सभागृहातलंच काम. सत्रसमाप्ती मात्र बाहेरून होते. दिल्लीत राष्ट्रपती, राज्यात राज्यपाल, इंग्लंडात राजा किंवा राणी, आणि या सगळ्यांचं पाऊल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर पडतं. विसर्जन होतं लोकसभेचं, राज्यसभेचं कधीच नाही. सत्रसमाप्ती मात्र दोघींची होते. इंग्रजीत हे क्रियापद इतक्या वेळा कर्मणी प्रयोगात का येतं तेही मग उमगलं. सभागृह इथे कर्म आहे. त्याच्यावर ही क्रिया केली जाते.

मूळ लॅटिन पाहिलं तेव्हा पुन्हा गोंधळ उडाला. रोममध्ये या शब्दाचा अर्थ मुदत वाढवणं असा होता. इसवी सनापूर्वी ३२६मध्ये पब्लिलियस फिलो हा सेनापती नेपल्सजवळ वेढा घालून बसला होता आणि त्याचं कॉन्सलपद संपत आलं होतं. वेढा अर्धवट राहू नये म्हणून त्याचा अधिकार लांबवला गेला. इंग्रजीतही आधी लांबवणं, मग पुढे ढकलणं, आणि पुढे ढकलता ढकलता आजचं सत्र संपवणं, असा हा शब्द सरकत आला. लांबवण्याचा शब्द संपवण्यापाशी येऊन थांबतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण संपतं म्हणजे काय काय संपतं? ब्रिटनमध्ये सत्राबरोबर अपुरी विधेयकंही सहसा बाद होतात. पुढच्या सत्रात न्यायची तर आधी तसं ठरवून घ्यावं लागतं. आपल्याकडे कलम १०७(३) स्पष्ट सांगतं की सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयक बाद होणार नाही. शब्दकोशातला अर्थ एकच, पण लंडनमध्ये या शब्दाचं वजन दिल्लीपेक्षा जास्त.

आता २०१९ची बातमी वाचता येऊ लागली. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची तारीख होती ३१ ऑक्टोबर, आणि संसद १४ ऑक्टोबरपर्यंत मिटवलेली. २४ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ही सत्रसमाप्ती बेकायदा आणि मुळातच निरर्थक ठरवली. दुसऱ्या दिवशी सभागृह पुन्हा भरलं. कामकाजाच्या नोंदवहीतली ‘प्ररोग’ची नोंद काढून टाकली गेली आणि त्या जागी सभागृह ‘अ‍ॅडजर्न’ झालं असं नोंदवलं गेलं. माझ्या कागदावरच्या एका ओळीतून वरच्या ओळीत! हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने ‘अरे वा’ म्हणाले.

आपल्याकडे उलट बाजूचं उदाहरण सापडलं. २०२३च्या मार्चमध्ये पंजाब विधानसभा बेमुदत तहकूब झाली, पण सत्रसमाप्ती झाली नाही. जूनमध्ये अध्यक्षांनी ती पुन्हा बोलावली, आणि राज्यपालांनी त्या बैठकीच्या वैधतेवर शंका घेतली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैठक वैध ठरवली: सत्र संपलेलंच नव्हतं, त्यामुळे अध्यक्षांना ती बोलावण्याचा अधिकार होता.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते मात्र पुण्याने. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे अध्यादेश तपासले. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले, आणि त्यांतले कित्येक विधिमंडळापुढे न नेता पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले गेले. सत्र चालू असताना अध्यादेश काढता येत नाही, आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी जुना अध्यादेश संपतो. म्हणून सत्र संपलं, सत्रसमाप्ती झाली, की सगळ्या खात्यांना पत्रक जायचं: जुने अध्यादेश पुन्हा काढायचे असतील तर तयारीला लागा. डॉ. वाधवा यांनी यावर पुस्तक लिहिलं, मग सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९८६च्या डिसेंबरात पाच न्यायाधीशांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. ज्या क्रियापदाचा उच्चार मी चाचपडत शिकत होते, त्याच्या आडून एका राज्यात इतकी वर्षं कायदे चालले, आणि ते शोधून काढणारा माणूस पुण्यातल्या एका संस्थेत कागद मोजत बसला होता. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

अध्यादेशाचं कलम २१३ वाचताना तिथे आणखी एक क्रियापद अडलं, ‘प्रॉमल्गेट’. नवा कागद घेतलाय. कर्त्याच्या रकान्यात राज्यपाल लिहून झालं आहे.