कळमनुरीच्या उन्हाळ्यात रोल धुताना

चि. भाच्यास,

कृष्णधवल फिल्मचा रोल घरीच धुण्याचा जो बेत तुझ्या पत्रात आला आहे, त्यास मराठी घरातच मोठा पूर्वाधार आहे. १९१३ साली पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादासाहेब फाळके यांनी दादरच्या राहत्या घरातच प्रयोगशाळा मांडली होती, आणि कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतली होती; या श्रमांचे ऋण फार थोड्यांनी मानले, हा अन्यायच होय.

प्रकाश पडलेल्या कणांतील चांदीच्या क्षारांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करणारे द्रावण म्हणजे डेव्हलपर, आणि उरलेले क्षार विरघळवून काढणारे द्रावण म्हणजे हायपो. दोहोंची कृती पुस्तकांत सापडते. मात्र ती पुस्तके २० अंश सेल्सिअस गृहीत धरतात, आणि मराठवाड्यातील कळमनुरीत, जेथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे खरी अडचण तीच आहे. पाणी उष्ण असले की डेव्हलपरची क्रिया वेगाने होते, आणि धुण्याची वेळ पाच मिनिटांच्या आत आली की निगेटिव्हवर असमान छटा उमटू लागतात. शिवाय क्षारांचे कण ज्या जिलेटिनच्या थरात असतात तो फुगून मऊ पडतो, आणि एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमान एकदम बदलल्यास त्यावर ज्या सुरकुत्या पडतात त्या पुन्हा जात नाहीत.

म्हणून २० अंशांचा हट्ट सोडून सर्व द्रावणे एकाच तापमानास, २४ अंशांच्या आसपास, राखणे अधिक महत्त्वाचे. मराठवाड्याची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने माठातून झिरपणारे पाणी झपाट्याने उडून आतले पाणी निवते. तेच घमेल्यात घेऊन त्यात रोल धुण्याचा टँक व द्रावणांच्या बाटल्या ठेवाव्यात. १९२७ पासून प्रचलित असलेला डी-७६ डेव्हलपर तितकेच पाणी घालून पातळ केल्यास क्रिया मंदावते व वेळ हाताशी राहते. काम पहाटे उरकावे, आणि अखेरच्या धुण्यासही गच्चीवरील टाकीचे तापलेले पाणी कदापि घेऊ नये.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, त्यामुळे तो बोअर वा विहिरीजवळ ओतू नये; झाकणाच्या कॅनमध्ये साठवून त्यात स्टील वूल बुडवून ठेवल्यास लोखंड विरघळते व त्याच्या जागी चांदी बसते.

मामाचे आशीर्वाद.