उस्ताद आणि वस्ताद

कोल्हापूरला गेलेला माणूस परतताना हमखास चार गोष्टी घेऊन येतो : अंबाबाईचा प्रसाद, गुळाची ढेप, कापशी चपलांचा जोड आणि तांबड्या रश्श्याने हुळहुळलेली जीभ. आमच्या घरी या चारही गोष्टी वर्षानुवर्षे येत आहेत, कारण माझी धाकटी बहीण तिथे मंगळवार पेठेत नांदते. पण या गावाजवळ आणखी एक ठेवा आहे. तो बाजारात मिळत नाही आणि यादीत लिहून मागवताही येत नाही. शिष्य पाहून विद्या द्यावी, ही रीत या गावात पूर्वापार आहे. गेल्या उन्हाळ्यात एका गिटारीच्या निमित्ताने ती मला जवळून पाहायला मिळाली.

आता गिटारीची गोष्ट सांगायची तरी सुरुवात तालमीपासून केली पाहिजे. कोल्हापुरात कशाचीही सुरुवात तालमीपासूनच होते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे कुस्तीच्या शौकिनाला तीर्थक्षेत्रांसारखी. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीत पोरे पहाटे घुमू लागतात आणि कडेला वस्ताद बसलेला असतो. तो फारसे बोलत नाही. नुसता पाहत असतो. लांब हातापायांच्या पोराला तो ढाक घोटायला लावतो, बुटक्या दणकट पोराला पट काढायला शिकवतो. डाव सगळ्यांना ठाऊक असतात. पण कोणत्या अंगाला कोणता डाव शोभेल, हे ओळखण्यातच त्याची वस्तादी.

हा ‘वस्ताद’ म्हणजे मूळचा ‘उस्ताद’च. फारसीतून आलेला शब्द मातीत लोळला आणि वस्ताद झाला. गवयांच्या बैठकीत गेला तो उस्तादच राहिला. कोल्हापुरात हे दोघे अगदी शेजारी राहिले. शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्तीचे मैदान उभारले आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर बांधले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. एका अंगाला शड्डूचा आवाज, दुसऱ्या अंगाला नाट्यपदाची तान! ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर घरचे माणूस गेल्यासारखे हळहळले. 

तर गिटार. माझी भाची सोळा वर्षांची. दहावीला गुण बरे पडले म्हणून तिच्या वडिलांनी तिला गिटार घेऊन दिली. मुलगी डावखुरी आहे. आजीने ‘प्रसाद उजव्या हातात घ्यावा’ म्हणून लहानपणी किती वेळा तिचा हात बदलला असेल, त्याला गणती नाही. जेवणाचा हात बदलला. लिहिण्याचा मात्र डावाच राहिला.

ज्या पहिल्या क्लासला ती गेली, तिथे सांगण्यात आले की गिटार उजव्या हातानेच वाजवायची असते, सवय होईल. यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. कित्येक डावखुरे लोक तसे वाजवतात आणि उत्तम वाजवतात. पण हिची बोटे तारांवर पडेपर्यंत गाणे पुढे निघून जाई. तीन महिन्यांनी तो क्लास सुटला. दुसरे शिक्षक फार व्यवस्थित होते. ते लंडनच्या मंडळाच्या परीक्षांची तयारी करून घेत. शेजारचा मुलगा त्यांच्याकडेच शिकून एकेक पायरी चढत गेला आहे आणि खुशीत आहे. पण आमच्या बाईसाहेबांना गाणे म्हणता म्हणता गिटार वाजवायची होती. तिथे आधी कागदावरची स्वरलिपी पक्की करावी लागे. आमटीची कृती पाठ करायची आणि आमटी मात्र पुढच्या वर्षी चाखायची, असे तिला होऊ लागले.

मी पोहोचलो तेव्हा गिटार कपाटामागे गेली होती. बहीण म्हणाली, “दादा, ही विकायची आहे. चार ओळींची जाहिरात लिहून दे. एवढं मराठी शिकवतोस, त्याचा आम्हांला काही उपयोग होऊ दे.” भाची काही बोलली नाही. फक्त डावा हात ओढणीखाली घेऊन बसली. त्या हाताकडे पाहून माझ्याने जाहिरात लिहवेना. “उद्या लिहितो” म्हणालो आणि तिला घेऊन फिरायला बाहेर पडलो.

खासबागेजवळच देवल क्लब ही गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांची जुनी संस्था आहे. तिथून जाताना अल्लादियाखाँसाहेबांचा विषय निघणे ओघानेच आले. १८९५ साली शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गायक म्हणून ठेवले आणि १९२२ मध्ये महाराज निवर्तेपर्यंत ते कोल्हापूरचेच होऊन राहिले. पण कोल्हापुरात येण्यापूर्वीच त्यांच्यावर एक घोर प्रसंग गुदरला होता. तिकडे राजस्थानात, अमलेट्याच्या दरबारी, गाण्याच्या अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला. बसला म्हणजे किती, तर दोनएक वर्षे गाणेच थांबले. पुढे आवाज आला, पण पूर्वीचा राहिला नव्हता. दुसरा एखादा तंबोरा खुंटीला टांगून मोकळा झाला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकीच नव्याने घडवली. वळणावळणाच्या, लयीला बिलगून जाणाऱ्या तानांची ती जयपूर-अत्रौली गायकी आज जगभर ऐकली जाते.

“म्हणजे गळ्यासाठी गाणं बदललं?” भाचीने विचारले.

“हो. गाण्यासाठी गळा बदलता येईना, म्हणून.”

ती थोडा वेळ गप्प चालली. मग म्हणाली, “पण मामा, मी तर दोन सरांना सोडून आले. आई म्हणते, धरसोड आहे.”

धरसोड! या आरोपातून मोठमोठी माणसे सुटलेली नाहीत. केसरबाई केरकर लहानपणी गोव्याहून या कोल्हापुरातच आणल्या गेल्या आणि काही महिने अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकल्या. मग रामकृष्णबुवा वझे झाले, बरकतुल्लाखाँ झाले, भास्करबुवा बखले झाले. यांतला एकही लहान गुरू नव्हे. तरी बाईंचा शोध संपला तो १९२१ मध्ये, अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधल्यावर. आणि तिथे मात्र त्या खाँसाहेब १९४६ साली जाईपर्यंत, पाव शतक शिकत राहिल्या. त्यांची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. खुद्द भास्करबुवांनी बडोद्याचे फैज महंमदखाँ आणि आग्रा घराण्याचे नत्थनखाँ यांच्याकडे शिकून नाव झाल्यावरही अल्लादियाखाँसाहेबांपुढे पुन्हा शिष्य म्हणून बैठक मारली. मोगूबाई कुर्डीकरांची तऱ्हा उलटी. त्या १९१९ च्या सुमारास सांगलीत मेहनत करीत असताना रस्त्यावरून जाणारे एक वृद्ध गृहस्थ थबकून ऐकत. ते स्वतः होऊन आत आले आणि शिकवू लागले, तेव्हा त्यांचे नाव अल्लादियाखाँ आहे हेही या पोरीला ठाऊक नव्हते. तिथे गुरूनेच शिष्य शोधून काढला. आणि मौज अशी की केसरबाई नि मोगूबाई, दोघींचा गुरू एक; पण एकीचे गाणे दुसरीसारखे नाही.

उत्तम गुरू आणि आपला गुरू यांत अंतर असते ते एवढेच. उत्तम गुरू गाव सांगते. आपला गुरू स्वतः जाऊन पाहावा लागतो.

रात्री जेवताना मी मेहुण्यांना विचारले. ते तालमीत वाढलेले, सारे गाव ओळखणारे. घास थांबवून म्हणाले, “एक जण हायेत की. शुक्रवार पेठेत. पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. आमच्या तालमीच्या गणपतीपुढंपण वाजवलंय त्यांनी. पण पाटी-बिटी न्हाई. जमलं तर शिकवतात.”

दुसऱ्या दिवशी गेलो. पंचगंगेकडे उतरणारा बोळ, कौलारू घर, सोप्यात सतरंजी. गृहस्थ सत्तरीला टेकलेले. त्यांनी चहा दिला, गिटार पिशवीतून काढूच दिली नाही. “राहू दे ती. आवडीचं एखादं गाणं म्हण, बाळ.” भाचीने लाजत लाजत एक सिनेमातले गाणे धरले. दुसऱ्या कडव्याला लाज गेली. गृहस्थ तिच्या तोंडाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर तिच्या गुडघ्यावर होती. गाणे संपल्यावर म्हणाले, “ठेका कुठल्या हातानं धरलास?”

तिने दचकून हात आवरला. “डाव्या.”

“मग लपवतीस कशाला? छेडायचा हात त्योच. सूर कुठं दाबायचा ते उजव्या बोटांना शिकवता येतंय. लय जिथं हाय तिथनंच उचलायची असती.”

“पण सर, तुम्ही तर उजव्या हाताने वाजवता. मला कसं कळणार?”

“अगं, मी समोर बसलो की तुझा आरसाच न्हाई का? उजव्या पोरांना मला उलटं बघावं लागतंय. तुझं सोपं हाय.”

फीबद्दल मी विचारले, तर म्हणाले, “पयला महिना न्हाई. आमचं दोघांचं जमतंय का बघू. न जमलं तर कुणाकडं जायचं, त्ये मीच सांगीन.” हे वाक्य मी मनात जपून ठेवले आहे. आपल्याकडून विद्यार्थी दुसरीकडे पाठवायची तयारी असलेला शिक्षक मला आजवर फार थोड्या ठिकाणी दिसला; आणि मी स्वतः शिक्षक आहे.

आता तारा उलट्या चढवणे आले. नुसत्या उलट्या चढवून भागत नाही. जाड तारेची खाच रुंद असते, बारीक तारेची अरुंद. मानेच्या टोकाची खाचांची पट्टी नवी घालावी लागते आणि घोडीचा तिरपेपणाही पाहावा लागतो, नाहीतर वरच्या पडद्यांवर तार बेसूर बोलते. “मिरजेला जावा,” गृहस्थ म्हणाले. मिरजेशिवाय दुसरे कोणते गाव सुचणार! तिथे पूर्वी शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या हातांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे नि सतारी घडवायला सुरुवात केली. सतारमेकर गल्लीत अजूनही वाळलेले भोपळे टांगलेले दिसतात. तिथल्या एका वृद्ध कारागिराने गिटार हातात घेऊन उलटसुलट पाहिली, भाचीला ती धरून दाखवायला सांगितली आणि मग हाडाची एक पट्टी घेऊन कानसीने खाचा पाडायला बसला. प्रत्येक खाच पाडली की तार बसवायचा, छेडायचा, कान द्यायचा. तंबोऱ्याची जवारी लावणारा कान तो; परक्या वाद्यालाही त्याने घरच्या लेकरासारखे वागवले.

परतीच्या गाडीत भाची म्हणाली, “मामा, हे सगळे गायनवाले. गिटारवाल्यांचं काय?” तिला ब्रिजभूषण काब्रांचे नाव सांगितले. हिंदुस्थानी रागसंगीतात गिटार आणून बसवली ती प्रामुख्याने या जोधपूरच्या माणसाने. त्यांचे गुरू कोण, तर उस्ताद अली अकबरखाँ, म्हणजे सरोदिये! शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीने १९६७ मध्ये निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत काब्रांची गिटार घरोघर पोहोचली. गुरूच्या हातात आपलेच वाद्य असायला हवे, असेही नाही. त्याला आपल्या हातातले कळले म्हणजे झाले.

पालकांना मुलांसाठी शिक्षक शोधायचे असतात. शिकवणी गाण्याची असो की गणिताची. आपण विचारतो : फी किती, लांब किती, निकाल कसा? हे विचारावेच. पण पहिल्या दिवशी अर्धा तास दाराशी बसून एवढेही पाहावे की शिक्षक आधी बोलतो की आधी ऐकतो. आणि मुलाने चार महिन्यांत क्लास सोडला, तर ‘धरसोड’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी विचारावे : विद्या नको झाली, की वाट? विद्या नको झाली असेल तर वाद्य खुशाल विकावे. वाट नको झाली असेल, तर दुसरी वाट शोधण्याचे काम मोठ्यांचे. खासबागेच्या शेजारच्या गल्ल्यांत वाढलेली मुलगी तिच्या अंगाला न शोभणाऱ्या डावावर हरली, म्हणून तिला आखाड्याबाहेर काढणे कोणत्याही वस्तादाला पटणार नाही.

भाचीने अजून काही पराक्रम केलेला नाही. पाच-सहा गाणी येतात. एका गाण्यातला एक अवघड बदल दोन महिने घोटूनही सुटलेला नाही. पहिला महिना कधीच उलटला, आता फी सुरू झाली आहे. परवा बहिणीचा फोन आला. पाठीमागे तोच तो बदल पुन्हा पुन्हा वाजत होता, अडखळत होता, पुन्हा सुरू होत होता. “ऐकतोयस ना?” बहीण म्हणाली. “सकाळपासून हेच चाललंय. डोकं उठलंय माझं.” आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “पण मधेच थांबली ना, की चुकल्यासारखं होतं बघ.”