चुकत चुकत येणारी भाषा

परकी भाषा शिकणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती असते ती चुकण्याची. शाळेत आठ-दहा वर्षे इंग्रजी शिकलेली, परीक्षेत चांगले गुण मिळवलेली मुलगी कधीतरी परप्रांतातल्या स्टेशनवर चौकशीच्या खिडकीशी उभी राहते आणि गाडीची वेळ विचारण्याइतके साधे वाक्यही तिच्या तोंडून बाहेर पडत नाही. शब्द माहीत असतात, व्याकरणाचे नियम पाठ असतात. पण ‘चुकले तर लोक हसतील’ या विचाराने जीभ अडते. मग ती स्वतःचीच समजूत घालते, की भाषा आपल्या नशिबातच नाही. घरची वडीलधारी माणसेही मान डोलावतात. दोष तिच्या बुद्धीचा की शिकवण्याच्या रीतीचा, हे विचारण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

शिकवण्याची रीत आकाशातून पडत नाही. ‘भाषा म्हणजे काय’ याविषयी त्या त्या काळातल्या विद्वानांची जी कल्पना असते, तीच झिरपत झिरपत वर्गापर्यंत येते. लॅटिन, संस्कृत अशा भाषा ग्रंथ वाचण्यासाठी शिकायच्या असत. म्हणून आधी नियम, मग रूपे, मग भाषांतरासाठी वाक्ये, अशी घडी बसली. भांडारकरांच्या संस्कृत पुस्तकांवर वाढलेल्या पिढ्यांना ती चांगली ठाऊक आहे. ग्रंथ उलगडण्यासाठी ती रीत उत्तमच होती. पण तिच्या जोरावर बाजारात भाजी विकत घेता येईल, असा तिचा दावा कधीच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला जपानी, जर्मन, रशियन बोलू शकणारी माणसे तातडीने हवी होती. त्या वेळचे मोठे भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी 1942 साली परकी भाषा प्रत्यक्ष कशी शिकावी, यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. भाषा ही सवय आहे. ती त्या भाषेच्या माणसाकडून ऐकावी, त्याच्यामागून म्हणावी आणि अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणावी, असा या विचाराचा सारांश. सैन्याच्या वर्गांना चांगले यश आले. पुढे शाळांनी ही घोकंपट्टी उचलली. ‘धिस इज अ बुक, धिस इज अ पेन’ असे एकाच साच्यातले वाक्य सगळा वर्ग एका सुरात म्हणू लागला. मात्र सैन्यातले लहान लहान वर्ग, रोजचे कित्येक तास आणि युद्धावर जायचे आहे ही निकड, यांतले काहीच शाळेत नव्हते. सिद्धांताची नक्कल झाली, परिस्थितीची करता आली नाही.

याच विचारातून 1957 साली रॉबर्ट लाडो यांनी दोन भाषांची तुलना करण्याचा मार्ग सुचवला. मातृभाषा आणि परकी भाषा जिथे वेगळ्या वाटेने जातात, तिथे शिकणारा अडखळणार, असे त्यांचे म्हणणे. यात तथ्य आहे. मराठी माणूस जर्मन शिकायला बसला, की तीन लिंगे पाहून तो दचकत नाही. ती त्याच्या घरचीच आहेत. पण सूर्य मराठीत ‘तो’, जर्मनमध्ये ‘ती’. टेबल मराठीत ‘ते’, जर्मनमध्ये ‘तो’. इथे त्याची गाडी हमखास रुळावरून घसरते. इंग्रजीतला ‘द’ कुठे लावावा आणि कुठे गाळावा, हेही त्याला आयुष्यभर छळते, कारण मराठीत त्याला जोड नाही.

पण सगळ्याच चुका मातृभाषेतून येत नाहीत. लहान मूल ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि घरातही ते कोणी म्हणत नाही. इंग्रज मूल ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ म्हणते आणि इंग्रजी शिकणारी परदेशी माणसेही नेमकी तीच चूक करतात. भाषा नुसती सवय असती, तर कधीच न ऐकलेला शब्द तोंडात आला कसा? ऐकलेल्या भाषेतून मूल स्वतःच नियम शोधत असते. नोम चॉम्स्की यांनी 1959 साली एका गाजलेल्या परीक्षणात सवयीच्या सिद्धांतावर कडाडून टीका केली, आणि घोकंपट्टीच्या पायाखालची जमीनच सरकली.

आता नव्या सिद्धांतातून शिकवण्याची नवी रीत निघणार, अशी शिक्षकांची अपेक्षा होती. पण 1966 साली अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांच्या परिषदेत चॉम्स्कींनी उलटेच सांगितले. भाषाशास्त्राचा भाषा शिकवायला थेट उपयोग होईल, याबद्दल त्यांना स्वतःलाच शंका होती. कोणता विचार उपयोगी पडतो, हे शिक्षकांनीच पारखून घ्यावे, असा त्यांचा रोख होता. आपल्या शास्त्राची मर्यादा इतक्या मोकळेपणाने सांगणारे पंडित विरळाच.

पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या पिट कॉर्डर यांनी शिक्षकांच्या फार कामाची गोष्ट मांडली. शिकणाऱ्याची चूक हा गुन्हा नसून पुरावा आहे. त्याने आतापर्यंत मनाशी कोणता नियम बांधला आहे, हे ती दाखवते. वैद्य नाडी पाहतो, तशी शिक्षकाने चूक पाहावी. सिद्धांताने वर्गाला दिलेली बहुधा हीच सर्वात मोठी देणगी असेल.

यानंतरचा धडा आपल्याच देशातला आहे. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास आणि दक्षिणेतल्या आणखी काही ठिकाणच्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाची ठरलेली यादीच त्यांनी बाजूला ठेवली. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि विचारायचे: अमुक वाजेपर्यंत तमुक गावी पोहोचायचे, तर कोणती गाडी धरावी? आधी तसाच एक प्रश्न शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर मोठ्याने सोडवत, मग दुसरा मुलांनी आपापला सोडवायचा. हे सारे इंग्रजीत. पण मुलांचे लक्ष गाडीवर, व्याकरणावर नाही. निम्म्या वर्गाला निम्मे काम साधले तरी पाठ साधला, असे मानले जाई. मूल चुकले, तर आई बोलता बोलता बरोबर शब्द पुरवते तसा शिक्षक पुरवत. ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी पुढे केलेल्या पाहणीत, अर्थावर लक्ष ठेवूनही व्याकरण मनात रुजू शकते, या म्हणण्याला सावध दुजोरा मिळाला.

तरीही प्रभूंनी आपली पद्धत सर्वश्रेष्ठ असल्याचा डंका पिटला नाही. सर्वोत्तम अशी एकच पद्धत नाही, हेच त्यांनी 1990 साली एका लेखात मांडले. शिकवताना मुलांमध्ये काय घडते आहे याची शिक्षकाला असलेली जाण महत्त्वाची. ती जिवंत असेल तर साधी पद्धतही फळते, आणि ती यांत्रिक झाली की उत्तम पद्धतही कोरडी पडते.

हा विचार वर्गापुरता ठेवण्याचे कारण नाही. आज घरोघरी मोबाइलवर भाषा शिकवणारी ॲप आहेत. नातवंडे परदेशी भाषांचे वर्ग लावतात, नोकरीसाठी मोठी माणसेही जर्मन, जपानी शिकतात. त्यांच्या पहिल्या वाक्याला घरात काय उत्तर मिळते, यावर पुष्कळ अवलंबून असते. मुलगा मोडक्यातोडक्या इंग्रजीत शाळेतली गंमत सांगू लागला आणि वडिलांनी मध्येच क्रियापद दुरुस्त केले, तर ती गंमत तिथेच संपते. पुढच्या वेळी तो सांगतच नाही. आधी गंमतीला हसावे, ‘मग काय झाले?’ म्हणून विचारावे आणि आपल्या प्रश्नातच बरोबर रूप सहज वापरावे. यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्याच मुलाला बोलायला शिकवताना प्रत्येक आईने हे केलेले असते. त्या वेळी ‘करले’ म्हणणाऱ्या मुलाला कोणी नापास केले नव्हते.